घेल गांवचे बिऱ्हाडकरू



ज्या गांवाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें, तें गांव मीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, प्रवास फार तर काशीपर्यंतचा, आणि उभी हयात गेली ती खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांकडून पाढे म्हणवून घेण्यांत. तेव्हां मनोरुग्णांच्या निवाऱ्यासारख्या विषयावर बोलण्याचा या मास्तराला अधिकार तो कोणता, असें आपल्यापैकीं कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होईल. माझा अधिकार एवढाच, कीं हा विषय पांच वर्षें आमच्या घरांत राहिला होता, आणि आम्हीं त्याला माजघरामागच्या खोलीबाहेर येऊं दिलें नाहीं. पण तें मागाहून. आधीं गांवाची हकीकत.

बेल्जम देशांत, अँटवर्प प्रांतांत, घेल नांवाचें सुमारें ४०,००० वस्तीचें एक शहर आहे. त्या नांवाचें पहिलें अक्षर तेथील लोक आपल्या ‘ख’ आणि ‘घ’ यांच्या मधोमध कोठें तरी घशांतून काढतात. मराठी जिभेला ‘घेल’ हा उच्चार त्यांतल्या त्यांत जवळचा. या शहराची कीर्ति अशी, कीं सहाशें वर्षांहून अधिक काळ तेथील साधे गृहस्थ, म्हणजे शेतकरी, सुतार, दुकानदार, बुद्धिभ्रंश झालेल्या परक्या माणसांना आपल्या घरांत ठेवून घेत आले आहेत. कोंडून नव्हे. घरांतल्या एका खोलींत, घरच्या पंक्तीला, घरच्या कामांत.

याच्या उगमाची कथा सांगतात ती अशी. सातव्या शतकांत आयर्लंडांतील एका राजाची राणी वारली, आणि शोकानें त्याची बुद्धि फिरली. आपल्या मुलीच्या ठिकाणीं त्याला राणीचें रूप दिसूं लागलें व तो तिच्याशींच विवाह करण्याचा हट्ट धरून बसला. ही मुलगी डिम्फ्ना आपल्या धर्मगुरूसह समुद्र ओलांडून घेल येथें पळून आली. बापानें माग काढला, आणि ती वश होईना तेव्हां स्वतःच्या हातानें तिचा शिरच्छेद केला. तेराव्या शतकांत एका धर्मोपदेशकानें हें चरित्र लिहून काढलें. त्यांत इतिहास किती व दंतकथा किती याचा निवाडा आतां कोण करणार? परंतु वेडाच्या हातून मरण आलेली ती मुलगी पुढें वेड्यांची कैवारीण ठरली, आणि तिच्या समाधीपाशीं दूरदूरचे लोक आपापले आप्त घेऊन येऊं लागले.

आपल्यापैकीं जे गाणगापुरास जाऊन आले असतील त्यांना हें चित्र अनोळखी वाटूं नये. आरतीच्या वेळीं खांबावर चढणारीं, घुमणारीं, किंकाळ्या फोडणारीं माणसें मीं लहानपणीं आजीच्या पदराआडून पाहिलीं आहेत. घेल येथेंहि असाच विधि असे. चर्चला लागून पंधराव्या शतकांत बांधलेल्या एका खोलींत रोग्यानें नऊ दिवस राहावयाचें, प्रार्थना करावयाची, आणि समाधीखालून रांगत जावयाचें. निराळेपण आलें तें नऊ दिवस सरल्यानंतर. कित्येक रोगी बरे होत नसत. कित्येकांचे आप्त त्यांना तेथेंच टाकून निघून जात. आणि चर्चच्या खोलींत जागा पुरत नसे. मग आसपासच्या लोकांनीं त्यांना आपल्या घरीं नेण्यास प्रारंभ केला. राहण्याजेवण्याचे चार पैसे मिळत, आणि शेतावर दोन हात अधिक मिळत. केवळ भूतदयेनें ही रीत चालली असें मी म्हणणार नाहीं. उलट माझी तर अशी समजूत झाली आहे, कीं भूतदयेला व्यवहाराची जोड होती म्हणूनच ती इतकीं शतकें टिकली. निव्वळ दयेवर चाललेलीं अन्नछत्रें दुसऱ्या पिढींत बंद पडलेलीं आपण पाहतोंच.

पुढें फ्रेंचांचा अंमल आला. धर्मस्थानांवर गदा आली, पण घरांतले पाहुणे घरांतच राहिले. एवढेंच नव्हे, तर १८०३ च्या सुमारास ब्रुसेल्स शहरानें आपल्याकडील वेडे लोक घेलकडे धाडावयास सुरुवात केली. १८२१ सालीं एस्किरोल नांवाचे फ्रान्सचे नामांकित मनोवैद्य हा प्रकार पाहण्यास मुद्दाम आले. १८५० च्या कायद्यानें बेल्जम सरकारनें सारी व्यवस्था आपल्या देखरेखीखालीं घेतली, व १८६२ सालीं गांवांतच एक लहान रुग्णालय उघडलें. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराचें नांव आपण ऐकलें असेल. १८८० सालीं त्याच्या वडिलांनीं मुलाला घेल येथें ठेवण्याचा घाट घातला होता. तो बेत तडीस गेला नाहीं. १९३८ सालीं म्हणजे या प्रथेच्या ऐन भरांत, सुमारें १६,००० वस्तीच्या त्या गांवांत ३,७३६ असे लोक राहात होते. या आंकड्यावर क्षणभर थांबावें अशी माझी विनंति आहे. आपल्या आळींतल्या दर चार-पांच माणसांमागें एक परगांवचा मनोरुग्ण, आणि तरीहि बाजार भरतो, शाळा सुटते, लग्नें लागतात!

या लोकांना तेथें वेडा म्हणत नाहींत, रोगीहि म्हणत नाहींत. त्यांच्या भाषेंतील शब्दाचा अर्थ पैसे देऊन जेवणारा बिऱ्हाडकरू असा होतो. हा शब्द वाचला तेव्हां मला आपल्याकडील वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. सोमवारीं जोशांच्या घरीं, मंगळवारीं कुलकर्ण्यांच्या घरीं, असे सात दिवस सात घरीं जेवून कित्येक गरीब मुलें शिकलीं. तीं त्या घरचीं नव्हतीं आणि परकींहि नव्हतीं. ताट वाढतांना कोणी त्यांची कुंडली मांडीत नसे. घेल येथेंहि नेमकें हेंच आहे. पाहुणा येतो तेव्हां त्याच्या रोगाचें नांव यजमानाला सहसा सांगितलेलें नसतें. रुग्णालयांत कांहीं दिवस निरीक्षण करून, कोणता माणूस कोणत्या घरीं रमेल याचा विचार करून त्याला धाडतात. एका घरीं बहुधा एक किंवा दोन. परिचारिका नेमानें फेरी मारते. माणूस बिथरला तर रुग्णालयाचें दार उघडें असतें, आणि सांवरला कीं तो परत आपल्या घरीं, म्हणजे त्या यजमानाच्या घरीं येतो. कित्येक पाहुण्यांनीं एकाच कुटुंबांत पन्नास-पन्नास वर्षें काढलीं. यजमान वारले तेव्हां त्यांच्या मुलांनीं वाडवडिलांच्या चीजवस्तूबरोबर हे वडीलधारेहि पुढें चालविले.

कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील एका रेडिओ-कार्यक्रमांत तेथील दोन घरांच्या हकीकती सांगण्यांत आल्या होत्या. एका घरच्या पाहुण्याला संवय अशी, कीं दिवसभर तो अंगांतल्या सदऱ्याचीं बटणें पिळून पिळून तोडी. घरची बाई रोज रात्रीं तीं शिवून ठेवी, आणि दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां तोडी. एका अभ्यासू पाहुणीनें तिला सुचविलें, कीं साधा दोरा न वापरतां मासे पकडण्याच्या गळाची दोरी वापरावी, म्हणजे तीं तुटणार नाहींत. बाई म्हणाली, छे, तसें केलें तर घातच होईल. या माणसाला बटणें तोडण्याची गरज आहे. दुसऱ्या एका घरच्या पाहुण्याला भिंतींतून सिंह येतांना दिसत. घरधनीण, सिंह कोठें आहेत असें म्हणून त्याच्याशीं हुज्जत घालीत नसे. ती सिंहांना हांकलून लावी. सिंह जात.

त्या बटणांच्या बाईला मी मनांतल्या मनांत पुष्कळदां वंदन केलें आहे. तिनें त्या माणसाला सुधारावयाचें ठरविलें नव्हतें. आणि येथेंच या विषयांतली सर्वांत अवघड गांठ आहे. लंडन येथील जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत मनोरुग्णालयांतून घरीं पाठविलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला. आपण कोणीहि असेंच म्हणूं कीं आईबापांच्या किंवा पत्नीच्या सहवासांत गेलेले अधिक सांवरले असतील. निष्कर्ष निघाला तो उलटा. आईबापांकडे वा पत्नीकडे गेलेल्यांपेक्षां भाड्याच्या बिऱ्हाडांत राहावयास गेलेल्यांची प्रकृति अधिक टिकली. पुढील संशोधनानें याचें कारण दाखविलें. जेथें घरचीं माणसें सारखा दोष काढतात, चिडतात, किंवा मायेनें श्वासहि घेऊं देत नाहींत, तेथें रोग पुन्हां उलटतो. आपल्या माणसाकडून आपली अपेक्षा असते, बिऱ्हाडकरूकडून नसते.

हें वाचलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, कारण माझा वडील भाऊ.

दादा माझ्याहून पांच वर्षांनीं मोठा. गणितांत माझ्यापेक्षां फार हुशार. १९७४ सालीं, बाविसाव्या वर्षीं, त्याला भिंतीपलीकडचे लोक आपल्याविषयीं बोलतांना ऐकूं येऊं लागले. आमचे वडील करड्या शिस्तीचे. त्यांना हा सारा आळशीपणाचा कांगावा वाटे. आई नवस बोले, रडे, त्याच्या तोंडांत घांस घाली. मी विद्यार्थ्याला समजवावें तसा त्याला समजावीत असें, कीं भिंतीपलीकडे तर आपली गोठ्याची जागा आहे, तेथें कोण बोलणार? पांच वर्षें आम्ही तिघें तिघांच्या परीनें त्याच्याशीं भांडलों. पाहुणे आले कीं मागच्या खोलीला बाहेरून कडी लागे. १९७९ मध्यें त्याला एका मनोरुग्णालयांत ठेवलें.

१९९१ सालीं रुग्णालयाचें पत्र आलें, कीं आपले बंधु आतां स्वस्थ आहेत, औषध चालू ठेवून घरीं राहूं शकतील, तरी येऊन घेऊन जावें. तोंवर आईवडील दोघेंहि गेलीं होतीं. माझ्या दोन खोल्या, दोन लहान मुली, आणि पत्नीचे दमेकरी वडील. मीं उत्तर लिहिलें कीं सहा महिन्यांची मुदत द्यावी. सहा महिन्यांनीं पुन्हां तसेंच उत्तर लिहिलें. अशीं चार पत्रें मीं माझ्या वळणदार अक्षरांत लिहिलीं. १९९४ च्या पावसाळ्यांत दादा तेथेंच तापानें वारला. त्याच्या वस्तू ताब्यांत मिळाल्या त्यांत माझीं चारहि पत्रें होतीं. तारीखवार लावलेलीं होतीं.

त्या रुग्णालयाला मी दोष देत नाहीं. त्यांच्यापुढें दोनच दारें होतीं, एक त्यांचें आणि एक माझें. तिसरें दार त्या काळीं आमच्या कोणाच्या कल्पनेंतहि नव्हतें. आणि आजचें माझें बोलणें आहे तें या तिसऱ्या दाराविषयीं.

घेल गांवींहि काळ बदलला आहे, हें सांगितलें नाहीं तर माझी हकीकत अर्धवट राहील. शेती गेली, बायका नोकरीला बाहेर पडल्या, घरें लहान झालीं, औषधें सुधारलीं. पाहुण्यांची संख्या आतां दोनशेंच्या आंत उतरली आहे. २०२३ सालीं युनेस्को या जागतिक संस्थेनें वारसा जतन करण्याच्या उत्तम पद्धतींच्या नोंदवहींत या प्रथेचें नांव घातलें, आणि अशी नोंद झाली कीं एकादी गोष्ट ओसरूं लागली आहे असें मला उगाच वाटूं लागतें. पण घेलचें बीज इतरत्र रुजलें. एलेन बॅक्स्टर नांवाची एक अमेरिकन तरुणी शिष्यवृत्ति घेऊन तेथें राहून आली. न्यूयॉर्कला परतल्यावर रस्त्यांवर झोंपणाऱ्या लोकांचा तिनें सहकाऱ्यासह अभ्यास केला, आणि १९८० नंतरच्या दशकांत शहराच्या उत्तर भागांत जुन्या इमारती दुरुस्त करून अशा लोकांसाठीं कायमचीं घरें उभारण्यास प्रारंभ केला. त्याच शहरांत १९९२ सालीं सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानें आणखी एक पाऊल टाकलें. तोंवर शिरस्ता असा होता, कीं आधीं व्यसन सोडा, आधीं औषध घ्या, नीट वागून दाखवा, मग घराची किल्ली मिळेल. त्यानें क्रम उलटा केला. आधीं किल्ली, उपचाराचा आग्रह नाहीं, पण मदत करणारीं माणसें दाराशीं हजर. पुष्कळांना हा वेडेपणा वाटला. परंतु ज्यांना अशीं घरें दिलीं त्यांतले बहुसंख्य लोक घर धरून राहिले, असें नंतरच्या पाहण्यांत वारंवार आढळलें. ज्याला रात्रीं कोठें पाठ टेंकावी हेंच ठाऊक नाहीं, त्यानें गोळी वेळच्या वेळीं घ्यावी तरी कशी?

आपल्या देशांत काय आहे? ठाणें, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील जुनीं मनोरुग्णालयें आपणांस नांवानें परिचित आहेत. कर्जत येथें डॉक्टर भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी यांच्या संस्थेनें रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार करून त्यांच्या गांवीं, घरीं पोंचविण्याचें काम केलें, व त्यासाठीं २०१८ सालीं डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्यांचें घरच उरलेलें नाहीं, किंवा ज्यांच्या घरीं माझ्यासारखा भाऊ आहे, त्यांनीं कोठें जावें? मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनीं १९९३ सालीं बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठीं ‘बॅनियन’, म्हणजे वटवृक्ष, या नांवाची संस्था काढली. वर्षानुवर्षें संस्थेंतच राहिलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं पुढें एक साधी युक्ति योजिली. चारपांच जणींनीं मिळून सामान्य वस्तींत भाड्याचें घर घ्यावयाचें. सोबत एक मदतनीस बाई. चूल, बाजारहाट, देवदर्शन, रुसवेफुगवे सारें त्यांचें त्यांनीं करावयाचें. घर सोडून जाण्याची मुदत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं जगांतील अनुकरणीय उपक्रम प्रसिद्ध केले त्यांत याचा समावेश आहे.

कायद्याचेंहि पाठबळ आतां आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अमलांत आला. त्याच्या १९ व्या कलमांत असें म्हटलें आहे, कीं केवळ कुटुंब नाहीं, कुटुंब स्वीकारीत नाहीं, किंवा समाजांत राहण्याची सोय नाहीं, एवढ्या कारणास्तव कोणालाहि मनोरुग्णालयांत ठेवून घेतां येणार नाहीं. आणि अशी सोय उभी करणें हें शासनाचें कर्तव्य आहे. हें कलम मीं प्रथम वाचलें तेव्हां माझ्या चार पत्रांचा जणूं कोणी हिशेब मांडला आहे असें वाटलें. कायदा घर देतो, पण शेजार देऊं शकत नाहीं, हें मात्र मला त्याच सुमारास कळलें.

आमच्या इमारतींत तळमजल्यावर एक जागा दोन वर्षांपूर्वीं रिकामी झाली. मालक मुलाकडे परगांवीं राहावयास गेले. एका सेवाभावी संस्थेनें ती भाड्यानें मागितली. चार स्त्रिया, वय चाळीस ते साठ, औषधानें स्थिर झालेल्या, सोबतीस एक बाई. भाडें आगाऊ देण्याची तयारी. सोसायटीच्या मंडळींनीं हरकतीचें पत्र तयार केलें. इमारतींत लहान मुलें आहेत, वृद्ध आहेत, जागेची किंमत उतरेल, असा मजकूर होता. मसुद्यांत दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. त्या मीं दुरुस्त केल्या. मग खालीं चौथी सही केली.

होय, मीं. दादाचा भाऊ असूनहि. मला भीति कशाची वाटली याचा मीं पुष्कळ शोध केला. त्या चार बायकांची ती खास नव्हती. रोज जिना उतरतांना तें दार दिसेल आणि मला आमच्या मागच्या खोलीची कडी आठवेल, ही भीति असावी. इतरांच्या भीतीबद्दल मी बोलत नाहीं; त्यांचें अज्ञान प्रामाणिक होतें, माझें तसें नव्हतें.

संस्थेच्या बाईंना मीं गेल्या महिन्यांत पत्र लिहून हें सर्व कळविलें. त्यांचें उत्तर आलें. चौघींपैकीं तिघींना दुसरीकडे जागा मिळाली आहे. एक अजून रुग्णालयांतच आहे, आणि तिच्यासारख्या आणखी काहीजणी वाट पाहात आहेत. तळमजल्यावरची जागा अद्याप रिकामी आहे. मालकांना विचारलें, त्यांची ना नाहीं. म्हणतात, सोसायटीचें तेवढें पाहा.

येत्या रविवारीं आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. माझें पहिल्या पत्रावरचें नांव मागें घेत असल्याचें मीं लेखी दिलें आहे, आणि ही जागा त्या संस्थेस देण्याचा विषय माझ्या नांवानें मांडला आहे. विषयपत्रिकेंत तो सातवा लागला. सहाव्या विषयापर्यंत पाण्याच्या टांकीचा वाद चालतो आणि पुढें मंडळी जेवावयास उठून जातात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून तो पहिला घ्यावा, असें चिटणिसांना काल कळवून आलों.